‘सेवेत नाही’ पाटीची बस

मी एक जुनी बस आहे, हे वेगळं सांगायला नको. माझ्याकडे एकदा पाहिलंत की तुम्हाला कळेलच. माझा एक दिवा फुटला आहे, दुसरा कोणीतरी काढून नेला आहे आणि कपाळावरच्या पाटीत ‘सेवेत नाही’ ही अक्षरं कायमची अडकून बसली आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की ‘मला जपा, मला पुसा’ असं रडगाणं गातात. मी ते गाणार नाही. मला कोणी पुसलं नाही याचं मला फारसं काही वाटत नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो आज मी तुमच्यासमोर ओकणार आहे. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी आत्ताच उठावं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी नुसता सांगाडा आणि चाकं, मग पत्रे, मग काचा आणि सगळ्यात शेवटी सीट. रंगाऱ्याने माझ्या अंगावर हिरवा पट्टा ओढायला घेतला आणि नेमका मध्यावर आल्यावर तो शिंकला. त्यामुळे माझ्या पट्ट्याला एक वाकडी लाट आहे. ती पुसून पुन्हा काढायला कोणाला वेळ नव्हता. त्या लाटेमुळे पुढे माणसं मला लांबून ओळखायला लागली, आणि मला त्याचा थोडा गर्वही झाला.

पहिली वर्षं सुखाची गेली. आमचा डेपो शहराच्या कडेला होता. फाटकाला लागून थांबा आणि रस्त्यापलीकडे डेपोतल्या कामगारांची वसाहत. माझी फेरी सुरू व्हायची ती दवाखाना चौकातून. डेपोतून तिथे पोचायला एखादं गाणं गुणगुणून संपेल एवढाच वेळ लागायचा. तेवढं अंतर मी रिकामी जायचे. बसच्या आयुष्यात असं थोडं रिकामं पळणं असतंच, कारण गाडी झोपते एकीकडे आणि कामाला लागते दुसरीकडे. पण तेव्हा फाटकाशी कोणी उभं असलं तर ड्रायव्हर दार उघडायचा, ‘चला, चौकापर्यंत सोडतो’ म्हणायचा आणि कोणाचं काही बिघडायचं नाही.

माझा ड्रायव्हर त्या वसाहतीतच राहायचा. घरात दोघे भाऊ, म्हणून याला सगळे थोरला म्हणायचे आणि त्याच्या भावाला धाकटा. थोरल्याची बायको म्हणजे सगळ्या डेपोची वहिनी. धाकट्याला आई आठवत नव्हती. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून ते शाळेत मार खाऊन आल्यावर मास्तरांशी भांडायला जाण्यापर्यंत सगळं वहिनीनेच केलं होतं.

वहिनी शिवणकाम करायची. डेपोत कुठल्या गाडीची सीट फाटली की फिटर तिला हाक मारायचा आणि ती जाड सुई आणि लाल दोरा घेऊन यायची. लालच का, तर कुठल्याशा कारखान्यातून तिला त्या दोऱ्याचं भलंमोठं रीळ फुकट मिळालं होतं आणि ते काही केल्या संपत नव्हतं. माझ्या काळ्या सीटवर जागोजाग लाल टाके दिसायला लागले.

“वहिनी, गाडीचं ऑपरेशन केल्यासारखं दिसतंय,” फिटर म्हणायचा.

“मग? दवाखान्याचीच गाडी आहे ती,” असं म्हणून वहिनी दाताने दोरा तोडायची.

तिला धुळीचा त्रास होता. शिवता शिवता ती मध्येच थांबायची, छातीवर हात ठेवून दोन-चार श्वास ओढायची आणि पुन्हा सुई चालवायची. सीट शिवून झाली की त्यावर दोनदा थापटायची, जसं लहान मुलाला निजवताना थापटतात. मला जीव लावणारी माणसं मोजकीच. त्यांत ती पहिली, आणि तिच्यानंतर माझी यादी संपते.

मग एक दिवस वरच्या लोकांनी ठरवलं की गाड्या आपण चालवायच्या नाहीत, ठेकेदाराकडून चालवून घ्यायच्या. मला वाकड्या लाटेसकट ठेकेदाराच्या हवाली केलं. ड्रायव्हरही त्याच्याच हवाली झाले. फरक एवढाच, की मला कोणी विचारलं नाही आणि त्यांना विचारल्यासारखं केलं. शहर वाढत वाढत आमच्या फाटकाशी आलं होतं आणि डेपोच्या जागेला सोन्याचा भाव आला होता. डेपो पाडून तिथे दुकानांची काचेची इमारत उभी राहिली. नव्या डेपोसाठी जागा बघायला ठेकेदाराचे व्यवस्थापक स्वतः गेले. यांच्या प्रत्येक वाक्यात ‘बचत’ हा शब्द असायचा, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना बचतसाहेब म्हणायचे. खडीच्या खाणीपलीकडे एक उजाड माळ होता. बचतसाहेबांनी मोटारीची काच खाली केली, धूळ आत आली, काच वर केली आणि म्हणाले, “हीच घेऊ.” जागा स्वस्त होती. दवाखाना चौकापासून ती किती लांब आहे हे मोटारीत बसून कळत नाही.

ते आम्हाला कळलं. आता मी रोज सकाळी खाणीपलीकडून निघायचे, वसाहतीवरून जायचे आणि पार चौकात पोचायचे, तीही रिकामी. दुपारी गर्दी ओसरली की पुन्हा रिकामी डेपोत. संध्याकाळच्या गर्दीआधी पुन्हा रिकामी चौकात. रात्री पुन्हा तेच. माझं निम्मं आयुष्य कोणालाही न घेता पळण्यात जायला लागलं. साहेब लोक त्याला ‘डेड किलोमीटर’ म्हणायचे. नाव मात्र त्यांनी अचूक ठेवलं होतं.

आणि नियम असा, की रिकाम्या फेरीत माणूस घ्यायचा नाही. करारात सेवा चौकातून सुरू होते, त्यामुळे त्याआधी जो चढेल त्याचं तिकीट नाही, विमा नाही, आणि घेणाऱ्या ड्रायव्हरची खैर नाही. दाराच्या वर कॅमेरा लावला होता. कामगारांनाही मनाई. थोरला रोज सकाळी घरातून निघायचा, धुळीच्या रस्त्याने खाण ओलांडून पायी डेपोत यायचा, मला चालू करायचा आणि ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्याने, स्वतःच्याच दारावरून, मला रिकामी घेऊन चौकात जायचा. पाळी संपली की पुन्हा डेपोतून घरापर्यंत पायपीट. सुरुवातीला कामगारांना आणायला एक टेम्पो होता. बचतसाहेबांनी तो वाचवला.

वसाहतीच्या रस्त्याला माणसं घेणारी खरीखुरी बस म्हणाल तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दुपारी काही नाही. दुपारी तिथून कोण जाणार, असं ठरवणाऱ्यांचं म्हणणं होतं. थांब्यावर माणसं उभी असायची, त्यांच्यासमोरून आम्ही रिकाम्या बसगाड्या एकामागून एक जायचो. लोक हात दाखवायचे, मग मुठी दाखवायचे, मग शिव्या द्यायचे. त्यांचं काय चुकलं, सांगा.

थोरल्याला ते सहन होईना. एकदा खाणीतला एक हमाल पायावर दगड पडून रस्त्याच्या कडेला बसला होता. थोरल्याने दार उघडलं आणि त्याला दवाखान्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याला साहेबांपुढे उभं केलं.

“भला माणूस आहेस,” बचतसाहेब म्हणाले. “पण भलेपणा करारात बसत नाही रे.”

थोरल्याला गाडीवरून उतरवलं आणि गाड्या धुवायला लावलं. इतकी वर्षं चाक धरलेला माणूस गमबूट घालून चाकं धुवायला लागला. काल ज्यांना त्याने गिअर टाकायला शिकवलं ती पोरं त्याच्यासमोर गाडी आणून उभी करायची आणि खाली मान घालून निघून जायची. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पुन्हा चाक हातात आलं तेव्हा थोरला घाबरलेला माणूस झाला होता. दगडाने पाय फुटतो आणि बरा होतो. याचं जे फुटलं ते बरं झालं नाही.

पहिल्याच दिवशी चौकात पोचल्यावर तो चाकावर कपाळ टेकून बसला. वहिनी शिवलेले कपडे द्यायला चौकातल्या दुकानात आली होती, ती त्याच्या खिडकीशी आली.

“काय झालं?”

“हात दिसतात गं,” थोरला म्हणाला. “थांबा आला की डोळे तिकडे जातातच. आणि हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर येतो. परत गाड्या धुवायला लावतील मला.”

वहिनीने जरा विचार केला. मग पिशवीत हात घालून तिने एक मोठं लाल बटण काढलं, कोटाला लावतात तसलं. “डोळे जातात ना? मग त्यांना दुसरं काम द्या. हे समोर चिकटवा. थांबा आला की याच्याकडे बघायचं. पुढचा रस्ताही दिसेल आणि बाजूचं काही दिसायचं नाही.”

थोरल्याने बटण घेतलं आणि फिटरकडच्या घट्ट डिंकाने काचेखाली, बरोबर मधोमध चिकटवलं. बायकोने नवऱ्याची नोकरी वाचवायला दिलेलं ते बटण होतं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे लक्षात ठेवा.

उपाय लागू पडला. थांबा आला की थोरला बटणाकडे बघायचा आणि मी सरळ निघून जायचे. हळूहळू त्याला ते इतकं जमलं की वहिनीलाच त्याची गंमत वाटायला लागली. एकदा चौकात ती घामाघूम होऊन खिडकीशी आली.

“अहो, आज सकाळी मी रस्त्याने काय नेत होते, सांगा बघू.”

“तू? कुठे होतीस?”

“थांब्याशी. तुम्ही माझ्या अंगावरून धूळ उडवत गेलात.”

“पिशवी?” थोरल्याने अंदाजाने म्हटलं.

“शिलाई मशीन!” वहिनी म्हणाली आणि हसता हसता तिला दम लागला. “अख्खं मशीन दुरुस्तीला आणलं. एका बाजूने मी, एका बाजूने शेजारीण. रस्त्यात चार वेळा खाली ठेवलं. आणि तुम्हाला दिसलं नाही!”

थोरलाही हसला. “मग? बटण कोणी दिलं?”

“इतकी रिकामी गाडी जातेच आहे, तर वरची पाटी बदला की,” ती म्हणाली. “तिकीट काढू आम्ही.”

“ते आपल्या हातात नाही गं.”

दोघं हसत होते. मी मात्र तेव्हाच चिडले होते. तिचे टाके घातलेल्या सीट तिच्यासमोरून रिकाम्या गेल्या होत्या आणि ती मशीन उचलून चालत होती. यात हसण्यासारखं काय होतं? पण बसला कोण विचारतं. माझा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली असतो.

पुढे धाकटाही ड्रायव्हर झाला. त्याला शिकवायला थोरल्यालाच दिलं. थोरला हाडाचा शिक्षक होता. वळण कसं घ्यायचं, म्हातारी माणसं उतरताना क्लच कसा अलगद सोडायचा, सगळं त्याने भावाला शिकवलं. आणि रिकाम्या फेरीचा धडा तर त्याने घोटून घेतला.

“हात दिसला तर?” थोरला विचारायचा.

“बटणाकडे बघायचं.”

“ओळखीचा माणूस असला तर?”

“बटणाकडे बघायचं.”

“मी असलो तर?”

धाकटा हसायचा. “दादा, तू असलास तरी बटणाकडेच.”

“हां. मी जे भोगलं ते तुझ्या वाट्याला यायला नको,” थोरला म्हणायचा आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मायेने शिकवलेला धडा फार पक्का बसतो, मित्रांनो. धाकट्याला थोरल्याहून चांगलं जमायला लागलं. थोरल्याच्या मानेला थांब्याजवळ एक बारीकसा हिसका बसायचा. धाकट्याची मान हलतसुद्धा नव्हती.

त्या दुपारी माझ्यावर धाकटा होता. थोरल्याची सकाळपाळी संपली होती आणि तो डेपोतून निघून घराकडे चालला होता. खाणीजवळच्या वळणावर आम्ही त्याला गाठलं. त्याने वळून पाहिलं, माझी वाकडी लाट ओळखली आणि गंमत म्हणून हात वर केला. धाकट्याने बटणाकडे पाहिलं. आम्ही धुरळा उडवत त्याच्या बाजूने निघून गेलो. मागच्या आरशात मला थोरला दिसला. तो रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

“शाबास!” तो ओरडला. त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

त्या दिवशी खाणीत सुरुंग लागले होते आणि वसाहतीवर धुळीचा पडदा धरला होता. पुढच्या थांब्यावर वहिनी होती. उभी नव्हती, थांब्याच्या खांबाला मिठी मारून कशीबशी टेकली होती. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते, ओठ काळेनिळे पडले होते. शेजारीण रस्त्यात उतरून दोन्ही हात हलवत होती. वहिनीनेही हात वर केला. वर म्हणजे खांद्यापर्यंत. त्याच्या वर तो गेला नाही.

तिने मला ओळखलं. हिरवा वाकडा पट्टा, आतल्या काळ्या सीट, त्यांवरचे तिचे लाल टाके आणि चाकावर तिने वाढवलेलं पोर. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मित्रांनो, ते हसू मी पाहिलं आहे. धाकट्याने नाही पाहिलं. शेजारीण मधे आली तेव्हा त्याने चाक जरासं उजवीकडे घेतलं, रस्त्यात कोणी वेडं माणूस आलं की घेतात तसं, आणि पुन्हा सरळ केलं. तो बटणाकडे बघत होता आणि कुठलंसं गाणं गुणगुणत होता.

आम्ही कुठे निघालो होतो, आठवतं ना? दवाखाना चौकात. मोठ्या दवाखान्याच्या दारासमोर धाकट्याने मला उभं केलं, कळ दाबून पाटी बदलली आणि मी सेवेत आले. माणसं चढायला लागली. बऱ्याच वेळाने खडीचा एक ट्रक भोंगा वाजवत चौकात घुसला आणि आम्हाला खेटून दवाखान्याच्या फाटकात वळला.

“डोळे फुटलेत का?” धाकट्याने खिडकीतून ओरडून त्या ट्रकवाल्याला शिवी घातली. “दिसत नाही समोर बस उभी आहे ती?”

त्या ट्रकच्या केबिनमध्ये शेजारणीच्या मांडीवर वहिनी होती. फाटकात शिरण्याआधीच तिचा श्वास थांबला होता.

थोरला घरी पोचला तेव्हा दाराला नुसती कडी होती. मशीनच्या सुईखाली कापड अर्धवट शिवलेलं होतं. तो पाणी प्यायला आणि तिची वाट बघत बसला. भाऊ कसा मान न हलवता गेला ते तिला कधी सांगतो असं त्याला झालं होतं. हे त्याने नंतर फिटरला सांगितलं, माझ्या पायरीवर बसून, म्हणून मला माहीत.

शेजारणीने घरी सगळ्यांसमोर सांगितलं, कोणती गाडी होती आणि चाकावर कोण होता. थोरल्याने भावाला एकच विचारलं, “तू बघितलं नाहीस?”

“नाही, दादा,” धाकटा म्हणाला. “तूच सांगितलं होतंस.”

 

शेजारीण एवढ्यावर थांबली नाही. ती चालत डेपोत आली आणि बचतसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी बाहेरच उभी होते, खिडकी उघडी होती.

“आम्ही हात दाखवला होता! दोघींनी! तुमच्या गाडीत एक माणूस नव्हता!”

“बाई, मला फार वाईट वाटतंय,” बचतसाहेब म्हणाले. “पण ती गाडी सेवेत नव्हती. सेवेत नसलेली गाडी म्हणजे कसं आहे, आमच्या दृष्टीने ती त्या थांब्यावर नव्हतीच.”

“नव्हती? मग माझ्या डोळ्यांत धूळ कुणाची गेली?”

बचतसाहेबांनी शिपायाला तिच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. एवढं एक त्यांनी वाचवलं नाही.

पुढच्या आठवड्यात डेपोत एक छोटा समारंभ होता. रिकाम्या फेऱ्या सर्वांत वक्तशीरपणे करणाऱ्या ड्रायव्हरची निवड आधीच झाली होती, भिंतीवर फोटोही लागला होता. तो धाकट्याचा होता. त्याला पुढे बोलावलं. तो गेला नाही, तर दोघांनी धरून नेलं. गेलेली बाई याचीच वहिनी, असं साहेबांच्या कानात कोणीतरी कुजबुजलं. “अरेरे,” साहेब म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पण बक्षिसाचा थर्मास घे. तुझं नाव घातलंय त्याच्यावर, दुसऱ्या कोणाला देता येत नाही.” लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. शेवटी थोड्या वाजल्या.

त्या दिवशी धाकटा माझ्यात येऊन बसला आणि पान्याने ते बटण उचकटायला लागला. त्याची बोटं फुटली. बटण हललं नाही. फिटरचा डिंक फार चांगला होता.

थोरल्याने नोकरी सोडली. काही दिवसांनी तो सकाळीच थांब्यावर येऊन उभा राहायला लागला. मी लांबून आले की तो हात वर करायचा. पहिल्या दिवशी धाकट्याने असा ब्रेक दाबला की माझ्या काचा खडखडल्या. त्याने दार उघडलं.

“दादा, चढ ना.”

थोरला जागचा हलला नाही. “का थांबलास?”

“दादा...”

“रिकामी गाडी आहे ना? मग थांबायचं नसतं. बटणाकडे बघ आणि जा.”

धाकटा चाकावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. थोरला हात वर करून तसाच उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मला त्या दोघांचीही दया आली नाही, असं मी म्हणणार होते. पण ते खोटं ठरेल. धाकट्याची आली. थोरला त्याला रोज सोलत होता, आणि सोलताना स्वतःचीच कातडी ओढत होता.

बचतसाहेबांनी धाकट्याला बोलावून घेतलं. रोज त्याच थांब्यावर गाडी का थांबते, कॅमेऱ्यात दार उघडलेलं का दिसतं, असं विचारलं. “तुझं काम किती सुंदर होतं रे! गाड्या धुवायच्या आहेत का?”

आणि मग एका सकाळी धाकटा थांबला नाही. हात वर होता. धाकट्याने तो पाहिला, मला माहीत आहे, कारण त्याची मान किंचित हलली. मग त्याने बटणाकडे पाहिलं आणि आम्ही पुढे गेलो. आरशात मला थोरला दिसला. शिकाऊ ड्रायव्हरचा धडा पक्का झाला की तो जशी मान डोलवायचा, तशी त्याने डोलवली. या वेळी टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत.

त्यानंतर पुढची वर्षं आम्ही तशीच काढली. तो हात वर करायचा, आम्ही निघून जायचो. माणसाला कशाचीही सवय होते.

मग मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की गाड्या फार रिकाम्या धावतात आणि डिझेल फार जळतं. बैठका झाल्या, भिंतीवर नकाशे लागले, आणि दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत नवा डेपो झाला. उद्‌घाटनाला बचतसाहेब म्हणाले, “डेड किलोमीटर आता जवळजवळ संपले!” त्यांची बढती झाली. धाकट्याला नवी गाडी मिळाली. वसाहतीच्या रस्त्यावरच्या त्या दोन खऱ्या फेऱ्याही काटकसरीत गेल्या. आता तिथे हात दाखवायला रिकामी बससुद्धा येत नाही.

मला भंगारात काढलं. खाणीपलीकडचा आमचा जुना डेपो आता भंगारवाड्याला दिला आहे, तिथेच मला आणायचं होतं. इंजीन काढून घेतलं होतं. एका क्रेनगाडीने माझं तोंड उचललं आणि मला ओढत नेलं. ही माझी शेवटची फेरी, आणि तीही रिकामीच. वसाहतीच्या थांब्याशी आलो तर थोरला उभा. पार पिकला होता. हात वर होता.

क्रेनगाडीचा ड्रायव्हर परगावचा होता. त्याला बटणाचं काही माहीत नव्हतं. तो थांबला.

“कुठे जायचंय, काका?”

“कुठेच नाही,” थोरला म्हणाला. “कोण थांबतं ते बघत होतो.”

“डोकं ठिकाणावर आहे ना?” ड्रायव्हर वैतागला. पण थोरल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला माझी वाकडी लाट दिसली होती. तो माझ्या बाजूने आला, फुटक्या खिडकीतून आत हात घातला आणि सीटवरच्या लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. मग त्यावर दोनदा थापटलं.

“कुठे नेताय हिला?”

“भंगारात. खाणीपलीकडे.”

“रिकामीच?”

“मग काय, माणसं भरून नेऊ?”

थोरल्याने सीटवरून हात काढला नाही. “मला बसू द्याल आत? खाणीच्या वळणापर्यंत. तिथून येईन मी चालत.”

“ओढून न्यायच्या गाडीत माणूस बसवायचा नाही, काका. नियम आहे.”

थोरल्याने हात बाहेर काढला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला कोणीतरी नीट शिकवलंय.”

साखळीला हिसका बसला आणि मी निघाले. मित्रांनो, माझं लाल बटण अजून जागेवर आहे. तुमच्यापैकी पुढे कोणी गाडी चालवेल, कोणी डेपो कुठे बांधायचा ते ठरवेल, कोणी करार लिहील. तुमच्या हातात तसलं बटण कोणी मायेने ठेवलं तरी ते घेऊ नका, थांब्याकडे बघा. आणि रिकाम्या गाडीत तुमच्यासाठी जागा नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्यात जागा होती. रोज होती.